फाइन लाइन की मायक्रो रिअ‍ॅलिझम? नाजूक टॅटू ठरवण्याआधी

‘नाजूक टॅटू हवाय’ म्हणणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये बहुतेक वेळा दोन वेगळ्याच प्रकारचे फोटो शेजारी-शेजारी सेव्ह केलेले असतात. एकात केसासारख्या बारीक रेघेचं पान, तर दुसऱ्यात अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत डोळ्यांतल्या चमकेसकट कुत्र्याचा चेहरा. दोन्ही लहान, दोन्ही बारीक सुईचे, म्हणून दोन्हींना सरसकट फाइन लाइन म्हटलं जातं. खरं तर पान फाइन लाइन आहे आणि चेहरा मायक्रो रिअ‍ॅलिझम.

हा गोंधळ अगदीच बिनबुडाचा नाही. एकाच सुईने काम करण्याची पद्धत कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन कैद्यांनी घडवली. १९७०च्या दशकात ईस्ट लॉस एंजेलिसमधल्या ‘गुड टाइम चार्लीज टॅटूलँड’मध्ये चार्ली कार्टराइट, जॅक रूडी आणि फ्रेडी नेग्रेटे यांनी ती दुकानात आणली. त्या एका सुईतून बारीक रेघही निघायची आणि फोटोसारखे चेहरेही. म्हणजे दोन्ही शैलींचं घराणं एकच.

फरक आहे तो चित्र कशावर उभं आहे यात. फाइन लाइनमध्ये रेघ हेच चित्र, बाकी जागा कोऱ्या त्वचेची. मायक्रो रिअ‍ॅलिझममध्ये आउटलाइन जवळजवळ नसते. पातळ केलेल्या शाईच्या फिकट-गडद छटांमधून आकार उभा राहतो. त्यामुळे दोन्ही टॅटू म्हातारे होतात तेही वेगवेगळ्या तऱ्हेने.

शाई त्वचेच्या वरच्या थराखाली, साधारण एक-दोन मिलिमीटरवर बसते. तिथल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी तिचे कण गिळून धरून ठेवतात. त्या मेल्या की सुटलेले कण दुसऱ्या पेशी उचलतात. २०१८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी उंदरांवर हे दाखवलं. टॅटू टिकतो तो असा. पण वर्षं जातात तशा कडा थोड्या पसरतात आणि उन्हाने रंग उडतो. फाइन लाइनची रेघ जाड आणि मवाळ होते. मध्ये मोकळी जागा ठेवली असेल तर पान पानच राहतं. चेहऱ्यात मात्र पापणी आणि बुबुळ यांच्यात अंतरच नसतं. आधी सर्वांत फिकट छटा जातात, मग गडद भाग एकमेकांत शिरतात आणि उरतो एक करडा ठिपका. रेघ पुन्हा गिरवता येते. विरलेल्या छटा दुरुस्त करणं फार अवघड. माझं मत विचाराल तर चेहरा हवाच असेल तर तो मोठा करा, नाहीतर त्याची फक्त रेघाकृती घ्या.

त्वचेचा रंग सावळा किंवा गडद असेल तर आणखी एक गोष्ट. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन शाईच्या वर असलेल्या त्वचेच्या थरात असतं, म्हणजे शाई आपण त्याच्या आरपार पाहतो. फिकट करड्या छटा तिथे दबतात. काळी रेघ आणि मोकळी जागा यांचा विरोध मात्र टिकतो. त्यामुळे अशा त्वचेवर फाइन लाइन जास्त भरवशाची; मायक्रो रिअ‍ॅलिझम करायचंच तर गडद काळा भरपूर हवा.

बोटं, तळवे, पावलांच्या कडा या जागा दोन्हींसाठी वाईट. तिथली त्वचा सतत घासली जाते. मनगट ते कोपर यांमधली हाताची आतली बाजू किंवा दंड त्यापेक्षा बरे. जखमेचे व्रण फुगून वर येण्याची, म्हणजे केलॉइडची प्रवृत्ती असेल तर शैलीचा विचार नंतर, आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. अक्षरांचा मोह असेल तर ‘क’, ‘श’, ‘ळ’ यांच्या गाठी पाहा: अक्षर फार लहान असेल तर त्या सर्वांत आधी बुजतात.

आर्टिस्ट निवडताना ताज्या टॅटूचे फोटो फारसे उपयोगाचे नाहीत. त्या दिवशी सगळंच रेखीव दिसतं. दोन-तीन वर्षं जुन्या, जखम पूर्ण भरून आलेल्या कामाचे फोटो मागा, आणि तेही आपल्यासारख्या रंगाच्या त्वचेवरचे. सुई जास्त खोल गेली तर शाई खाली पसरून रेघेभोवती निळसर धूसरपणा येतो, तोही अशा फोटोंत दिसतो. शिवाय नखाएवढा चेहरा मागितल्यावर जो एकदाही ‘थोडा मोठा करू या का?’ विचारत नाही, त्याच्याकडे साधी रेघसुद्धा काढून घेऊ नका.