टायटॅनियम कोटिंग: रंग सांगू नका, वेव्हलेंग्थ सांगा

"मागच्या वेळी काचेवरचं कोटिंग निळं आलं होतं, यावेळी जांभळं कसं?" असे फोन येतच असतात, म्हणून हे एकदा लिहूनच काढलं. टायटॅनियम डायऑक्साइडला स्वतःचा रंगच नाही हो, भिंतीच्या पांढऱ्या पेंटमध्ये असतं तेच हे. काचेवर त्याची पातळ फिल्म बसली की तिच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परत येणारा उजेड एकमेकांत मिसळतो आणि जाडी वाढेल तसं चंदेरी, सोनेरी, जांभळं, निळं दिसत जातं, पावसात रस्त्यावर डिझेल सांडल्यावर दिसतं ना तसंच. त्यामुळे वीसेक नॅनोमीटरचा (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) फरक पडला तरी रंग बदलतो, त्यात माल खराब असं काही नाही. म्हणून रंगाऐवजी वेव्हलेंग्थ, म्हणजे उजेडाच्या लहरीची लांबी, सांगा.

आम्ही काच सोलमध्ये (ज्यातून फिल्म बनते त्या द्रावात) बुडवून ठरलेल्या स्पीडने वर ओढतो, जोरात ओढली की थर जाड बसतो पण एकदम जाड थर भाजताना तडकतो, म्हणून पातळ थर देत देत भाजतो. 450 ते 500 डिग्रीला फिल्म अॅनाटेज (टायटॅनियम डायऑक्साइडचं एक स्फटिकरूप) होते आणि रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (उजेड किती वळतो त्याचा आकडा) साधारण 2.2 पर्यंत जातो. अखंड अॅनाटेजचा 2.5 च्या आसपास असतो, पण अशा सोलपासून केलेल्या (सोल-जेल) फिल्ममध्ये बारीक छिद्रं राहतातच, तेव्हा कुणी डिप कोटिंगमध्ये (असं बुडवून दिलेल्या कोटिंगमध्ये) 2.5 देतो म्हणाला तर आधी एलिप्सोमीटरचा (फिल्मची जाडी आणि इंडेक्स मोजणारं यंत्र) रिपोर्ट मागा.

आता हिशोब. 550 नॅनोमीटर वेव्हलेंग्थच्या (हिरव्या) उजेडासाठी 62 नॅनोमीटर जाडीची फिल्म दिली की एका बाजूने 27 टक्के उजेड परत जातो, साध्या काचेवरून जेमतेम 4. बुडवलं की दोन्ही बाजूंना कोटिंग बसतं, मग पलीकडे 57 टक्केच पोचतो. एकच बाजू हवी असेल तर आधी सांगा, दुसरी झाकून घेतो. तिरकं बसवणार असाल तर तेही सांगा, 45 डिग्रीला तोच 550 चा पीक (जिथे सगळ्यात जास्त उजेड परत जातो ती वेव्हलेंग्थ) 520 वर सरकतो.

यूव्ही फिल्टर म्हणून हे घेऊ नका. 388 नॅनोमीटरच्या खाली अॅनाटेज उजेड शोषतं खरं, पण एवढ्याशा थरातून बराच यूव्ही पार होतो.

बोटाचा ठसा मात्र साध्या काचेपेक्षा ठळक उठतो, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ कापडाने पुसा. आणि जून ते सप्टेंबर ऑर्डरला चार दिवस जास्त धरा, हवेतल्या दमटपणाने सोल बिघडून फिल्म धुरकट येते, मग पुन्हा पहिल्यापासून.