कुपवाड-मिरज एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यानं आयएसओ ४५००१ कसं काढायचं: पात्रता, कागदं, अर्ज

मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचा मेल येतो की सप्लायर लिस्टमधे राहायचं असेल तर सेफ्टीचं सर्टिफिकेट पाठवा, आणि मग धावपळ सुरू होते. आमची पण तशीच झाली होती, म्हणून जे कळलं ते लिहितोय.

हे सरकारी लायसन नव्हे. आयएसओ ४५००१ हे कामगारांची सेफ्टी आणि आरोग्य सांभाळायच्या पद्धतीचं २०१८ चं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आधीच्या ओएचएसएएस १८००१ च्या जागी आलेलं. आयएसओ संस्था स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही, ते देते सर्टिफिकेशन बॉडी, आणि त्या बॉडीला एनएबीसीबी (अशा बॉडींना मान्यता देणारं भारतातलं राष्ट्रीय मंडळ) किंवा तसल्याच मान्यताप्राप्त संस्थेची मान्यता आहे का हे पैसे भरायच्या आधी बघा. "चार दिवसात देतो, ऑडिट नको" असा फोन आला तर ठेवून द्या, गिऱ्हाईकानं आयएएफच्या सर्टसर्च या सर्टिफिकेट तपासायच्या साइटवर नंबर टाकला की सगळं उघडं पडतंय.

पात्रता म्हणाल तर कामगारसंख्येची अट नाही, आठ माणसांचं वर्कशॉप पण काढू शकतंय. फक्त सिस्टीम खरोखर चालू पाहिजे, म्हणजे निदान तीन महिन्यांचे रेकॉर्ड, एक इंटर्नल ऑडिट आणि मालक स्वतः बसलेली एक मॅनेजमेंट रिव्ह्यू मीटिंग.

कागदं: उद्यम नोंदणी, जीएसटी, लागू असेल तर फॅक्टरी लायसन, प्रदूषण मंडळाची कन्सेंट, पीएफ-ईएसआय, होइस्ट आणि एअर रिसीव्हरचे टेस्ट रिपोर्ट, फायर सिलिंडर रिफिलची तारीख, ट्रेनिंगच्या सह्या, मॉक ड्रिलचे फोटो. सेफ्टी पॉलिसी मराठीतच लावा, ऑडिटर कामगारालाच विचारतो यात काय लिहिलंय म्हणून.

खरं काम आहे धोके शोधायचं, आणि ते ऑफिसात बसून होत नाही. आमच्या पॉवर प्रेसला दोन हातांनी दाबायची दोन बटणं होती, रजिस्टरमधे "सेफ" लिहिलेलं, पण रात्रपाळीला जाऊन बघितलं तर एका बटणावर काळी चिकटपट्टी मारून ते कायमचं दाबून ठेवलेलं. बोटं जायला एक क्षण पुरला असता. त्या पोराला ओरडून उपयोग नव्हता, त्याला विचारलं तर म्हणाला पत्रा जमिनीवरून उचलायला लागतोय, दोन्ही हात बटणावर ठेवले तर टार्गेट होत नाही. मग दोन्ही बटणं एकाच वेळी दाबली तरच स्ट्रोक पडेल असा रिले बसवला आणि पत्र्याचा रॅक कमरेच्या उंचीवर आणला. पीस कमी निघतील म्हणून सुपरवायझर कुरकुरत होता, पण वाकणं थांबलं आणि पीस पहिल्याइतकेच निघायला लागले. सेफ्टी म्हणजे नुसता खर्च असं ज्यांना वाटतंय त्यांनी असा एक रॅक करून बघावा. अमेरिकेतल्या कारखान्यांवर २०१४ साली छापून आलेल्या एका अभ्यासात पण आधीचं ओएचएसएएस १८००१ सर्टिफिकेट घेतलेल्यांची विक्री, कामगारांची उत्पादकता आणि नफा सुधारल्याचं दिसलं होतं. पट्टी तशीच ठेवून फाइल रंगवली असती तर आम्हाला काय मिळालं असतं?

अर्ज सोपा आहे. सर्टिफिकेशन बॉडीच्या फॉर्ममधे माणसं, शिफ्ट आणि प्रोसेस भरायच्या, त्यावरून ऑडिटचे दिवस आणि कोटेशन ठरतं. कंत्राटी कामगार लपवू नका, ऑडिटर गेटवरचं हजेरी रजिस्टर बघतोच. पहिल्या स्टेजला कागदं आणि तयारी बघतात, दुसऱ्याला शॉप फ्लोअरवर फिरतात. एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे स्टँडर्डप्रमाणे नसलेली गोष्ट) निघाली तर तिचं मूळ कारण शोधून सुधारणा दाखवायची, मेजर असेल तर ती बंद झाल्याशिवाय सर्टिफिकेट नाही.

एवढा खर्च आत्ता झेपत नसेल तर केंद्र सरकारच्या छोट्या उद्योगांसाठीच्या झेड (झिरो डिफेक्ट झिरो इफेक्ट) योजनेपासून सुरुवात करा. उद्यम नंबर पाहिजे, पोर्टलवर नाव नोंदवून झेडची शपथ घ्यायची आणि मग ब्राँझ या पहिल्या पायरीच्या सर्टिफिकेटसाठी फोटो, कागदं अपलोड करायची, त्यात कामाच्या जागेची सेफ्टी हा एक मुद्दा आहेच. योजना २०२२ ला सुरू झाली तेव्हा ब्राँझची फी १०,००० रुपये आणि त्यात सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६०, मध्यमला ५० टक्के सबसिडी ठेवली होती, अर्ज करताना त्या दिवशीचे नियम पोर्टलवर बघून घ्या. मात्र गिऱ्हाईकानं ४५००१ च मागितलं असेल तर झेड त्याच्या जागी चालत नाही.

सर्टिफिकेट तीन वर्षांचं, पण मधे दरवर्षी सर्व्हेलन्स ऑडिट (सिस्टीम अजून चालू आहे का याची तपासणी) असतंय आणि पहिलं १२ महिन्यांच्या आत, चुकलं तर सस्पेंड होऊ शकतंय. आणि छापायच्या आधी ड्राफ्ट येतो तेव्हा प्लॉट नंबर आणि स्कोप (सर्टिफिकेट कुठल्या कामाला आणि जागेला लागू आहे ते) अक्षर न् अक्षर तपासा, मागच्या प्लॉटवरचं दुसरं शेड त्यात लिहिलेलं नसेल तर त्या शेडला ते लागू होत नाही.