मांडी, उकिडवं आणि खुर्ची

नाशिकमधल्या लग्नांत पंगत आता टेबल-खुर्चीवर बसते. पाट मांडले तर निम्मे पाहुणे गुडघ्याला हात लावून मागे सरकतात. यांच्याच आजोबांना मात्र पाटाचं काही वाटत नसे.

खुर्ची साहेबाने आणली, हा समज अर्धाच खरा. शब्दच अरबी ‘कुर्सी’वरून फारसीमार्गे आला आणि पांडवलेण्यांत महायान काळातला बुद्ध सिंहासनावर पाय खाली सोडून बसलेला दिसतो. पण उंच आसन मोठ्यांचं, बाकीच्यांना जमीन. रामकुंडावरचे तीर्थपुरोहित वंशावळींच्या वह्या मांडी घालूनच लिहीत. येवल्याचा पैठणी विणकर त्याहून गमतीचा: बैठक जमिनीच्या पातळीवर, पाय मात्र मागाखालच्या खड्ड्यात. म्हणजे जमिनीवर बसूनही मुद्रा खुर्चीचीच!

शरीर या सवयींची नोंद ठेवतं का, हा प्रश्न १८९०च्या दशकात लाहोरमध्ये शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्स यांनी हाती घेतला. पंजाबी माणसांच्या घोट्याच्या हाडांवर त्यांना गुळगुळीत जागा दिसल्या. उकिडवं बसताना नडगीचं हाड खालच्या हाडाला टेकतं, नेमकी तिथेच. लहान बाळांतही त्या सापडल्या, तेव्हा बापजाद्यांनी कमावलेलं मुलांत उतरतं, असं त्यांनी १८९४ मध्ये मांडलं. पुढे तशाच खुणा युरोपीय गर्भांतही मिळाल्या आणि तर्क उलटला. पोटात प्रत्येकच बाळ पाय दुमडून असतं. उकिडवं बसणारा ती ठेव टिकवतो, खुर्चीवाला गमावतो. मला तरी हे जास्त पटतं.

स्नायूंचं गणित याहून वेगवान. १९७२ मध्ये फ्रेंच संशोधकांनी मांजरांच्या पोटरीचा एक स्नायू आखडलेल्या स्थितीत प्लास्टरमध्ये ठेवला. काही आठवड्यांत त्यातले आकुंचन पावणारे सूक्ष्म घटक, सार्कोमिअर, सुमारे ४० टक्क्यांनी घटले. प्लास्टर काढल्यावर चार आठवड्यांत ते पूर्ववत झाले. अर्थात खुर्ची म्हणजे प्लास्टर नव्हे. सातपूरचा कारकूनही चहाला उठतोच. त्यामुळे मांजराचे आकडे त्याच्या मांडीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. दिशा मात्र तीच: जो कोन वापरात नाही, तो हळूहळू हातचा जातो.

शौचालयात कमोड आला आणि दिवसातून एकदा तरी उकिडवं बसणं होई, तेही सुटलं. अशा घरातल्या मुलाला आज खाली बसायला सांगा, टाचा आधी उचलल्या जातात.