पौर्णिमा, कांद्याचं रोप आणि मुळांतलं पाणी

"चंद्र समुद्रासारखंच जमिनीतलं पाणीही वर ओढतो, म्हणून कांद्याचं रोप शुक्ल पक्षातच टाका," असं नाशिक जिल्ह्यात निफाड-चांदवडकडे अजून ऐकू येतं. हे खरं नाही. भरती येते, कारण हजारो किलोमीटर पसरलेल्या समुद्रावर चंद्राची ओढ जागोजागी कमी-जास्त पडते. वीतभर मातीत हा फरक नसल्यातच जमा. शिवाय मोठं उधाण अमावस्येलाही येतं, मग कृष्ण पक्ष वाईट कसा? झाडात पाणी चढतं ते मुख्यतः पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनामुळे, म्हणजे पाण्याची वाफ होऊन बाहेर पडण्यामुळे. बी रुजतं ओल, ऊब आणि हवेवर. एक मात्र खरं: चांदण्या रात्री प्रकाश सापळ्यात (दिवा लावून कीटक पकडायच्या सापळ्यात) किडीचे पतंग कमी सापडतात, त्यावरून कीड घटली असं समजू नका. आणि द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तिथीसाठी अडवू नका. वेलीची काडी (फांदी) पिकली का, पाऊस उघडला का, एवढं बघा.