रक्ताचा डाग काय सांगतो आणि काय नाही

परभणी जिल्ह्यातल्या मानवत हत्याकांडाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, “अशा घराण्यांच्या रक्तातच असतं ते.” १९७२ ते १९७४, ऐन दुष्काळाच्या दिवसांत तिथे बायका आणि लहान मुलींचे एकापाठोपाठ एक खून पडले. त्यामागे गुप्तधनासाठी नरबळी असल्याचा संशय होता. तपासाची सूत्रं सीआयडीच्या रमाकांत कुलकर्णींकडे गेली. त्या काळी डीएनए चाचणी नव्हती. मग रक्ताच्या डागावरून त्या वेळच्या तपासाला काय काय कळू शकत होतं? पुष्कळ. पण घराण्याचा स्वभाव मात्र त्यात कधीच नव्हता.

समजा, संशयिताच्या घरातल्या विळ्यावर तांबूस डाग आहे. पहिला प्रश्न असा की हे रक्त तरी आहे का? त्या वेळी त्यासाठी बेंझिडीन नावाचं रसायन वापरत. डागावर ते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की हिमोग्लोबिनमुळे निळा रंग येतो. पण तसाच रंग वनस्पतींतल्या पेरॉक्सिडेज या विकराने (एन्झाइमने) ही येतो, आणि विळ्याने तर रोज चारा, भाजीपाला कापला जातो. म्हणून नमुना थोडा वेळ १०० अंशांपर्यंत तापवायचा. वनस्पतीचं विकर त्या उष्णतेत मरतं, रक्ताची क्रिया टिकते.

दुसरा प्रश्न खेड्यात हटकून येतो. घरचे म्हणतात, “बोकड कापलं होतं.” जत्रा, कंदुरी, नवस असल्या घरांत हे खरंही असू शकतं. याचं उत्तर १९०१ साली जर्मनीत पाउल उलेनहूट यांनी शोधलं. सशाला माणसाचा रक्तद्रव टोचला की सशाचं शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं (अँटिबॉडीज) तयार करतं. प्रतिद्रव्यं असलेला सशाचा तो रक्तद्रव बारीक नळीत घ्यायचा आणि वरून डागाचा अर्क अलगद सोडायचा. रक्त माणसाचं असेल तर दोन थरांच्या सीमेवर पांढुरकं कडं धरतं. बोकडाचं असेल तर काही होत नाही. त्याच वर्षी जर्मनीतल्या र्‍युगेन बेटावरच्या एका गावात दोन लहान भावांचा खून झाला. लुडविग टेस्नोव नावाचा सुतार संशयित होता. कपड्यांवरचे डाग लाकडाच्या रंगाचे आहेत, असं तो सांगत होता. चाचणीत काही डाग माणसाच्या रक्ताचे निघाले, काही मेंढीच्या.

तिसरा प्रश्न, रक्त कुणाचं? इथली पद्धत मला सगळ्यात देखणी वाटते. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्येच रक्तगट मांडले होते. ताज्या रक्ताचा गट काढणं सोपं, कारण लाल पेशींच्या गुठळ्या डोळ्यांना दिसतात. वाळलेल्या डागात पेशी फुटलेल्या असतात. पण त्यांच्या पृष्ठभागावरचे ए आणि बी प्रतिजन, म्हणजे ज्यांवरून गट ठरतो ते रेणू, कापडाच्या धाग्याला धरून राहतात. म्हणून डागाचा अर्धा सेंटिमीटर धागा घ्यायचा आणि ए-विरोधी प्रतिद्रव्यात बुडवायचा. शेतातून आल्यावर धोतराला कुसळं धरतात, तशी ही प्रतिद्रव्यं प्रतिजनांना चिकटतात. मग थंड मिठाच्या पाण्याने धागा पुन्हा पुन्हा धुवायचा. न चिकटलेलं सगळं वाहून जातं. आता तो ५६ अंशांना तापवायचा. बंध सुटतो आणि प्रतिद्रव्यं पाण्यात उतरतात. त्या पाण्यात ए गटाच्या ताज्या पेशी टाकल्या आणि गुठळ्या झाल्या, तर डागात ए प्रतिजन होता. दुसऱ्या धाग्यावर बी-विरोधी प्रतिद्रव्य घेऊन हेच सगळं पुन्हा. शिवाय डागाशेजारच्या स्वच्छ कापडाचा धागाही तपासायचाच, नाहीतर घाम-धुळीचा परिणाम रक्ताच्या नावावर जातो.

एवढं करून कळतं काय? समजा, डाग बी गटाचा निघाला. आपल्याकडे ओ आणि बी दोन्ही गट सर्रास आढळतात. मयत बी गटाची, संशयित बी गटाचा, त्याचा भाऊ आणि मुलगाही बी गटाचे, असं एकाच घरात सहज होतं. मग डाग मयताचा की मुलाच्या कापलेल्या बोटाचा, हे गटावरून ठरत नाही. गट जुळला नाही, तर मात्र ती व्यक्ती खात्रीने बाहेर पडते. रक्तगट आईबापांकडून येतो, एवढंच घराण्याचं नातं. पेशीवरची ती एक साखर आहे. क्रौर्य, लोभ, गुप्तधनाचा हव्यास यांचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही. हव्यास पोसतात ते भोंदू, आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा नेमका त्यांच्यावर आहे. आरोपीच्या बायकामुलांना “तसल्याच रक्ताची” म्हणत गावाने तोडणं, हीसुद्धा अंधश्रद्धाच आहे.

१९८४ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनए ठशांची, म्हणजे डीएनएवरून माणूस ओळखण्याची, कल्पना सुचली. नंतर हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत लालजी सिंह यांनी ते तंत्र भारतात रुजवलं. तिथे घराणं वेगळ्याच अर्थाने तपासात येतं. पुरुषांतच असणारं वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. त्यामुळे वाय-चाचणीत अख्खी भावकी एकसारखीच दिसू शकते, चुलता आणि पुतण्या वेगळे ओळखू येत नाहीत. ते वेगळे करायला बाकीच्या गुणसूत्रांवरच्या जागा तपासाव्या लागतात.

आणि हे सगळं पंचनाम्यावर अवलंबून. रक्ताने ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की आत जीवाणू वाढतात. ते प्रतिजन खातात, डीएनए तोडतात, आणि काही जीवाणू तर स्वतःच बी गटासारखे दिसतात. कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात सीलबंद करायला हवा.