खासबाग मैदान कोल्हापूरचं, पण पब्लिक आपल्याकडचंही

बेळगावात क्रीडा संकुलाचा विषय निघाला की गप्पा दोन वाटेला जातात. एक पार्टी म्हणते इनडोअर हॉल पाहिजे, सिंथेटिक ट्रॅक पाहिजे, स्विमिंग पूल पाहिजे, आणि सगळं एकाच कंपाउंडात. आणि त्याच घोळक्यात कान मोडलेला एखादा जुना पैलवान असतोच, तो सगळ्यांचं निवांत ऐकून घेतो आणि मग म्हणतो, ते सगळं असूदे हो, पण खासबागसारखं कायतरी करा की. पोरं हसतात. खासबाग म्हणजे कोल्हापूरचं कुस्तीचं मैदान एवढंच त्यांना माहीत, शंभर वर्षांपूर्वीचा मातीचा आखाडा, त्यात आता काय बघायचं? पण म्हातारा जे बोलतो त्याच्यात दम आहे, आणि तो दम कळायचा तर थोडं मागं जायला लागतंय.

1902 साली सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक होता म्हणून शाहू महाराज इंग्लंडला गेले. राजा ऐनवेळी आजारी पडला, ऑपरेशन झालं, जूनमधला समारंभ ऑगस्टवर गेला. हा दौरा इतिहासात गाजतो तो 50 टक्के राखीव जागांच्या हुकुमामुळं, 26 जुलै 1902 चा, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच दौऱ्यात महाराजांनी युरोप बघितला, रोम बघितलं आणि तिथलं कलोसियम, म्हणजे रोमन लोकांचं जुनं झुंजीचं मैदान, बघितलं. आता कलोसियम बघून आलेले राजेमहाराजे त्या काळात थोडे नव्हते, बघितलं, फोटो काढले, परत आले. ह्यांच्या डोक्यात मात्र कुस्ती. स्वतः तालमीत घुमलेला माणूस, त्यामुळं त्या पडक्या दगडांकडं बघून त्यांना दिसलं असणार की इतक्या माणसांना एकाच वेळी मधली झुंज दिसायची कशी.

कलोसियमचा हिशोब खरंच बघण्यासारखा आहे. इसवी सन 72 च्या सुमारास काम सुरू, 80 मध्ये सुरू पण झालं, लांबी 188 मीटर, रुंदी 156, पन्नासेक हजार माणूस बसायचं आणि आत-बाहेर करायला खाली 80 कमानी. सामान्य लोकांच्या कमानींवर नंबर कोरलेले, म्हणजे आपण आज तिकिटावर गेट नंबर बघतो तेच, फक्त दोन हजार वर्षं आधी. तिथं काय काय चालायचं ते सगळ्यांना माहीत आहे, माणसं मरायची, जनावरं मरायची. महाराजांनी तो भाग तिथंच ठेवला आणि आकार तेवढा उचलला.

कोल्हापुरात मैदान उभं राहिलं आणि 1912 ला सुरू झालं. रोममध्ये उंच इमारत उठवून माणसं वर चढवली होती, इथं जमिनीलाच उतार दिला. एखादी मोठी परात जमिनीत रुतवावी तसं मैदान, मध्यभागी कुस्तीचा गोल हौदा आणि तिथून चारी बाजूंनी वर चढत जाणारी बसायची जागा. मध्ये खांब नाही, छप्पर नाही, कोपरा तर नाहीच कारण गोलाला कोपरा कुठला. तीसेक हजार माणूस मावतं असं धरतात, आणि सगळ्यात मागं बसलेल्यालाही खाली कुणाची पाठ लागली ते दिसतंय. पुढचा माणूस उठला तरी एवढं बिघडत नाही कारण मागचा त्याच्यापेक्षा उंचावर. आज स्टेडियमवाले इंजिनियर ज्याला साइटलाइन म्हणून कॉम्प्युटरवर काढतात ते इथं उताराच्या मापात बसवलंय.

हे एवढं का लागलं ते कळायला त्या काळातली कुस्ती लक्षात घ्यायला पाहिजे. निकाली कुस्ती, टाइम लिमिट नाही, पॉइंट नाहीत, पाठ लागेपर्यंत चालायची. अर्धा तास नुसती खडाखडी, मग एकदम ढाक किंवा मोळी असा एखादा डाव बसतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत निकाल. तो एक क्षण हुकला तर सगळा दिवस वाया. सपाट रानात कुस्ती असली की पहिल्या चार-पाच ओळींनाच काय ते दिसतंय आणि मागचे हलगी आणि आरडाओरड्यावरनं अंदाज बांधतात, मग मागनं रेटा येतो, पुढचे हौद्यात पडतात, पंच ओरडतो, कुस्ती थांबते. गर्दीची ही अडचण पोलिसाच्या काठीनं मिटत नाही, ती उतारानंच मिटते.

हौद्याची माती हा वेगळाच कारभार. तांबडी माती आणायची, खडे वेचायचे, चाळून घ्यायची, मग त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर, काव जिरवायची, आणि मैदानाच्या आधी परत परत खोदून मऊ करायची. हळद-तेलामुळं खरचटलं तरी चिघळत नाही असं वस्ताद लोक सांगतात. चांगल्या हौद्यातली माती मुठीत घेतली तर गोळा होतो आणि बोट लावलं की फुटतो, एवढंच ओलं पाहिजे, जास्त ओली झाली की पाय अडकतो आणि कोरडी राहिली की डोळ्यात जाते. जोड लावायच्या आधी पैलवान हीच माती समोरच्याच्या अंगावर टाकतो, त्यानं घामाचं निसटणं कमी होतं, पकड बसते. म्हणजे मान म्हणून पण आणि कामाचं म्हणून पण.

आता बहुउद्देशीय हा शब्द आपण हल्ली सरकारी फलकावर वाचतो, पण खासबागला तो तेव्हाच लागू होता. मैदानाला चिकटूनच महाराजांनी 1913 ते 1915 मध्ये पॅलेस थिएटर बांधलं, पुढं त्याला संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. थिएटर आणि मैदान पाठीला पाठ लावून, थिएटरच्या मागच्या अंगाला खासबागकडं तोंड करून स्टेज, म्हणजे आत बंदिस्त नाटक आणि बाहेर उघड्यावर हजारोंसमोर कार्यक्रम. तालीम आणि नाटक कंपनी एकाच राजाच्या आश्रयाला आणि एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, हे मला तरी फार भारी वाटतं, कारण आपल्याकडं आज खेळवाले आणि नाटकवाले एकमेकांच्या हॉलच्या भाड्यावरनं भांडत असतात.

पैलवानांसाठी नुसतं मैदान बांधून भागत नाही. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमी, खुराक, उत्तरेतनं आणलेले मल्ल, जिंकणाऱ्याला इनाम, हे सगळं आजूबाजूला होतं म्हणून मैदान चाललं. संस्थान 1 मार्च 1949 ला विलीन झालं, दरबारी खुराक गेला, पण तालमी उरल्या.

ह्यात आपला सीमाभाग कुठं? सगळीकडं आहे. एक तर रायबाग. आज बेळगाव जिल्ह्यातला तालुका, पण तेव्हा कोल्हापूर संस्थानात, म्हणजे रायबागवाल्यांना शाहू महाराज परके नव्हतेच, त्यांचेच राजे. बेळगाव, चिकोडी, निपाणी मात्र इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. म्हणजे हद्द तेव्हाही होती, फक्त वेगळ्या ठिकाणी होती आणि कुस्ती बघायला जाणाऱ्याला तिचं काही पडलेलं नव्हतं. बेळगावहून मिरजेला जाणारी रेल्वे 1880 च्या दशकातच झाली, रायबाग-कुडची वरनं, आणि मिरज-कोल्हापूर फाटा 1891 ला. खासबाग सुरू झालं तेव्हा आपल्याकडच्या माणसाला गाडीनं कोल्हापूर गाठता येत होतं. आता हायवेनं बेळगाव-कोल्हापूर 110 किलोमीटरच्या आसपास, निपाणीवाल्यांना तर निम्मं पण नाही.

आणि मग खंचनाळे. श्रीपती खंचनाळे चिकोडी भागातल्या एकसंब्याचे, म्हणजे आजच्या बेळगाव जिल्ह्यातले, घडले कोल्हापुरात शाहूपुरी तालमीत. 1959 साली दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून हिंदकेसरी झाले. तारखा जरा जुळवून बघा. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचना झाली, आपला जिल्हा मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेला, आणि तीन वर्षं व्हायच्या सुमाराला ह्याच जिल्ह्यातला पैलवान कोल्हापूरच्या तालमीच्या नावानं देश जिंकून आला. कुठल्या राज्याचा धरायचा? पेपरवाल्यांनी काय धरलं ते असो, एकसंब्यात आणि कोल्हापुरात दोन्हीकडं तो आपलाच. 14 डिसेंबर 2020 ला ते गेले.

पैलवान इकडनं तिकडं गेले तसे मोठे जोड तिकडनं इकडं पण आले. हरिश्चंद्र बिराजदार, मूळचे लातूरकडचे, कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत तयार झालेले, 1970 ला एडिनबर्गच्या कॉमनवेल्थ गेम्समध्ये गोल्ड घेतलेले. त्यांनी दिल्लीच्या सतपालना हरवलं ते 1977 मध्ये, आणि ती कुस्ती बेळगावात झाली. आमच्याकडची पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसं ह्या एका कुस्तीवर अजून दोन चहा संपवतात, आणि बघितली नसलेले जास्त रंगवून सांगतात.

बेळगावला कुस्तीची जागा म्हणून आनंदवाडीचा आखाडा आहे, आणि गावोगाव यात्रेची मैदानं. येळ्ळूरचं मैदान तर नावानंच महाराष्ट्र मैदान. पण यात्रेच्या मैदानाची रीत बघा. रानात हौदा पाडायचा, भोवती बांबू, दोरी, आणि मागच्यांनी आपापली सोय बघायची, म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आडव्या लावून त्यावर उभं राहायचं, टेम्पोच्या टपावर, झाडावर, घराच्या स्लॅबवर. स्पीकरवर जोड पुकारतात, हलगी घुमते, शेवटची एक नंबरची कुस्ती लागेपर्यंत अंधार पडतो. मजा येते, नाही म्हणत नाही. पण बारकाईनं बघितलं तर पब्लिक स्वतःच ट्रॉलीवर चढून तो उतार तयार करत असतंय जो खासबागला बांधून दिलाय.

उलट्या टोकाला ऑटोनगरचं केएससीएचं, म्हणजे कर्नाटक क्रिकेट असोसिएशनचं, स्टेडियम. तिथं काही चांगलं घडलंच नाही असं नाही हां. 2016 च्या रणजीत गुजरातच्या प्रियांक पांचाळनं पंजाबविरुद्ध नाबाद 314 इथंच मारले. 2019 ला श्रीलंका अ आली तेव्हा परत त्याच पांचाळचे 160 आणि अभिमन्यू ईश्वरनचे 233, आणि नंतर 6 जूनला वनडेत आपल्या ऋतुराज गायकवाडचे 136 बॉलमध्ये नाबाद 187, शुभमन गिल नाबाद 109. म्हणजे पुढं इंडियाला खेळणारी पोरं आपल्या गावात सेंच्युऱ्या ठोकून गेली. पण ते क्रिकेटचं मैदान, तिथं कबड्डीचा मॅट टाकून उपयोग नाही.

सगळे खेळ एकाच ठिकाणी ह्या कल्पनेत खरी गोची इथंच आहे. क्रिकेटला पिचच्या मध्यापासून बाउंड्री 59 ते 82 मीटर. फुटबॉलचं ग्राउंड साधारण 105 बाय 68. त्याच्याभोवती आठ लेनचा 400 मीटर ट्रॅक टाकला की बाजूचा प्रेक्षक बारा मीटर लांब गेला आणि गोलच्या मागचा पस्तीसेक मीटर. कुस्तीचा आंतरराष्ट्रीय मॅट तर 12 बाय 12 मीटर, त्यात खेळायचा गोल 9 मीटरचा. तो क्रिकेट ग्राउंडच्या मध्ये ठेवला तर गॅलरीतनं दोन मुंग्या झटापट करताहेत असं दिसेल. म्हणून फुटबॉल-ॲथलेटिक्स एकीकडं, क्रिकेट वेगळं, आणि कुस्ती, कबड्डी, बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, बॉक्सिंग ह्या छोट्या जागेच्या खेळांना जवळ बसता येईल असं एक गोल किंवा अर्धगोल रिंगण, वर छप्पर, खाली मॅट निघेल आणि गरज लागली तर स्टेज उभं राहील, अशी वाटणी केली तरच बहुउद्देशीय शब्दाला अर्थ. महाराजांनी कुस्ती आणि नाटक एकत्र आणलं कारण दोन्हीला जागा थोडी लागते आणि बघणारे जवळ लागतात. क्रिकेट त्यात कोंबायला गेले नाहीत.

मातीवाले आणि मॅटवाले हा वाद पण ह्यात येतोच. ऑलिंपिक मॅटवर, त्यामुळं पोरांना मॅट पाहिजेच, त्यात दुमत नको. महाराष्ट्र केसरीला माती आणि गादी (म्हणजे मॅट) असे दोन्ही विभाग ठेवून मग शेवटची लढत लावतात, तसा मध्यममार्ग निघतोय. 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ मिळवणारे खाशाबा जाधव पण मातीतनं आलेले आणि मॅटवर जिंकलेले, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. एका हॉलमध्ये मॅट आणि शेजारी मातीचा हौदा, दोन्ही ठेवायला काही डोंगर हलवायचा नाही.

खासबागचं आजचं चित्र मात्र सगळंच गुळगुळीत नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं, दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती. मागचं खासबागकडचं स्टेज पण त्या आगीत गेलं. जुन्या लाकडाचं बांधकाम, बघता बघता पेटलं. नाट्यगृह परत उभं करायचं ठरलं, पैसे मंजूर झाले, जुना ढंग ठेवायचा असं सगळे म्हणतात. उताराला मात्र आगीनं काय होणार, तो दगड-मातीचा, जिथल्या तिथं आहे.

बेळगावला हे जसंच्या तसं उचलून आणायची गरज नाही, आपल्याकडचा पाऊस बघता उघडं मैदान वर्षातले चार महिने तसंही बंदच राहील. पण प्लॅन काढणाऱ्यानं आधी एकदा गाडी काढून खासबागला जावं, व्हीआयपीच्या सोफ्यावर न बसता सगळ्यात मागच्या ओळीत जाऊन बसावं, आणि मग पेन्सिल हातात घ्यावी.