मुंबई–न्यूयॉर्क: जाताना सहा तास, येताना साडेतेवीस?

अमेरिकेत लेकीकडे निघालेल्या मंडळींचं तिकीट आलं की दर उन्हाळ्यात तोच संवाद कानावर येतो. "पहाटे दोनला मुंबई सोडायची, त्याच दिवशी सकाळी आठला न्यूयॉर्क. सहाच तास! येताना मात्र सकाळी साडेअकराला निघून दुसऱ्या दिवशी अकराला घरी. परतीचा प्रवास फारच लांबचा बाई."

अंतराबद्दल फार बोलायला नको. सरळ हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर, जाताना तेवढंच, येतानाही तेवढंच. न्यूयॉर्कचा विमानतळ जेएफके धरायचा की शेजारचा नेवार्क, यावर ज्यांना वाद घालायचाय त्यांनी खुशाल घालावा.

घोळ आहे तो घड्याळाचा. तिकिटावर निघायची वेळ मुंबईची छापतात आणि पोचायची न्यूयॉर्कची. दोन गावांच्या घड्याळांची थेट वजाबाकी करून उत्तर कसं मिळणार? आधी दोन्ही वेळा भारतीय करून घ्या. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तिथले सकाळचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. पहाटे दोनपासून मोजा: साडेपंधरा तास. परतीला तिथले साडेअकरा म्हणजे आपले रात्रीचे नऊ. तिथून दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत चौदा तास. कागदावर लांबलचक दिसणारा प्रवासच दीड तास आधी संपतो!

हा दीड तास वाचवते जेट स्ट्रीम. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा वारा हिवाळ्यात ताशी 200 किलोमीटरच्याही पुढे जातो. येताना तो विमानाला मागून ढकलतो, जाताना समोरून अडवतो. इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना, मग पश्चिमेला जाताना न्यूयॉर्कच आपल्याकडे येतं." या तर्काने माझं डोकं फिरतं. तसं असतं तर मुंबईवर हेलिकॉप्टर तासभर नुसतं तरंगत ठेवायचं, खाली आपोआप ओमानचा किनारा आला असता. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, आणि विमान त्या हवेतच उडतं.

नकाशावर पट्टी ठेवून "विमान एवढं वर कशाला नेतात" म्हणणाऱ्यांनी पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघावा. सर्वांत जवळची वाट मॉस्कोजवळून जाते आणि आइसलँडच्या अक्षांशाला जाऊन टेकते. प्रत्यक्षात ती मिळतेच असं नाही. 2022 पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं बंद केलं. वळसा पडला की तास वाढतात, म्हणून नुसतं अंतर विचारून वेळ कळत नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळं तासभर मागे जातात आणि फरक साडेदहा तासांचा होतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा साडेनऊ. तिकीट हिवाळ्याचं असेल तर वरच्या हिशेबात तेवढा बदल करा. लेकीला विमानतळावर बोलावताना मात्र तिकिटावर छापलेली पोचायची वेळच सांगा, तिथे काही मिळवू नका, वजाही करू नका.